अठ्ठेचाळीसची डबी

दैवशालानं कामावर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात बन्सीधर सरांचे जीव दाताला घासले. ही गोष्ट पुढं कॉलेजातल्या पोरांनी इतकी चघळली की खऱ्या गोष्टीची चवच गेली. म्हणून नीट सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं फार जागा नाही.

परभणीचं कॉलेज म्हणजे तेव्हा काय, निजामाच्या अमदानीतली एक जुनी कचेरी. खुर्च्या त्याच, टेबलं तीच, नुसती पाटी बदललेली. मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती, तिला प्रयोगशाळा म्हणायचे. तिथं बन्सीधर सर. माणूस मानवतचा, घरी कापसाची अडत. बापानं मुंबईला मामाकडं शिकायला धाडला, की पोरगं चार गोष्टी शिकेल, पेढी वाढवेल. आणि ह्या बहाद्दरानं येताना काय आणावं? तपकिरीच्या एका डबीत भुरी धूळ! बाप म्हणे आठ दिवस बोलला नाही. मी असतो तर मीही बोललो नसतो.

दैवशाला त्या खोलीत झाडायला, पुसायला, पाणी भरायला लागली. सोनपेठकडच्या, गंगाकाठच्या एका गावची सून. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. टेबल पुसताना तिला ती डबी दिसली. सकाळपासून पोटात काही नाही, तल्लफ आलेली. तपकीर समजून तिनं इकडंतिकडं बघितलं, चिमूट काढली आणि दाताला लावली. पूड दाताखाली करकर वाजली. चव खारट, कसला म्हणून झणका नाही. ती तोंड वाकडं करून थुंकायला वळते तर दारात सर.

सर ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यांनी फळीवरचा काचेचा पेला घेतला, त्यात खारं पाणी ओतलं, तिच्यापुढं धरला आणि म्हणाले, ह्यात थुंका, चूळ भरून सगळं ह्यात थुंका. बाई घाबरली. तिला वाटलं आपण विष खाल्लं. तिनं भराभरा चूळ भरली आणि विचारलं, मरते का काय मी? सर म्हणाले, "विष नाही, बाई. ते जिवंत आहेत."

बाई परभणीत आपल्या मामाकडं राहायची. घरी जाऊन मामीला म्हणाली, माणूस चांगला हाय पण डोक्यानं गेलेला हाय.

दोन दिवसांनी सरांनी तिला हाक मारली. तोच पेला खिडकीत उन्हाला ठेवला होता. सरांनी तिच्या हातात भिंग दिलं. दैवशालानं वाकून बघितलं, आणि वाकलेली ती तशीच राहिली. पेल्याच्या उजेडाकडच्या अंगाला शेंदरी ठिपके होते, सुईच्या टोकाएवढे. आणि ते हलत होते. थांबायचे, झटका द्यायचे, परत थांबायचे. तिनं चावून थुंकलेली धूळ होती ती. चार वर्षं डबीत कोरडी ठाक पडलेली धूळ, तिच्या दाताखालून निघून पाण्यात उठली होती. लोक हसले ते चावण्याला. ती भ्याली ती त्या उठण्याला.

त्याचं काय होतं ते सरांनी तिला हळूहळू सांगितलं. मुंबईला समुद्राचं पाणी खाचरात घेऊन वाळवतात, मीठ करतात. त्या पाण्यात हे जीव असतात. पाणी आटत आलं की मरण्याआधी अंडी टाकतात, आणि ती अंडी वाळून धूळ होतात. उन्हानं मरत नाहीत, थंडीनं मरत नाहीत. श्वास नाही, भूक नाही, काही नाही. खारं पाणी मिळालं, ऊब आणि उजेड मिळाला, की उठतात. जगले वाचले तर पंधरा दिवसांत बोटाच्या पेरापेक्षा थोडे लहान होतात, आणि सगळं अंग काचेसारखं. आरपार. खाल्लेलं दिसतं, आतडं दिसतं, पाठीकडनं लांबट काळीज धडधडताना दिसतं. सर म्हणायचे, माणसाचं काळीज बघायचं तर माणूस चिरावा लागतो. ह्यांना चिरावं लागत नाही, नुसतं बघावं लागतं. पाण्यात मीठ वाढवलं की काळीज कसं पळतं, गारठ्यात कसं सुस्तावतं, हे ते तासन् तास बघत बसायचे. ह्यांच्यात जे कळलं ते उद्या मोठ्या प्राण्यांत तपासता येतं, माणसापर्यंत नेता येतं, असं त्यांचं म्हणणं. गावात लोक म्हणायचे, अडत्याच्या पोराला किड्यांची नाडी बघायचं खूळ लागलंय.

आणि एक गोष्ट अशी की हे जीव उताणे पोहायचे. पाठ खाली, पोट वर, दोन्ही अंगांच्या पायांची पिसं हलवत. दैवशाला त्यांना उताणेच म्हणायची. ती पाणी बदलायची, मिठाची चव जिभेवर घेऊन बघायची, आणि उताण्यांकडं फार वेळ बघायची नाही. तिला ते तिरडीवरचं माणूस चालायला लागल्यागत वाटायचं.

आता ही बाई एवढी का भ्यायची, ते सांगायला अठ्ठेचाळीस सालात जावं लागेल.

तिचा नवरा वैजीनाथ. गावात त्याच्यासारखा बैलाचा माणूस नव्हता. पोलीस ॲक्शनच्या आधीचे ते दिवस. कोण कुणाच्या दारात काय घेऊन येईल ह्याचा भरवसा नव्हता. गावातलं एक कुटुंब लेकराबाळांसह वऱ्हाडात नातेवाइकांकडं निघालं. त्यांना सेलूच्या स्टेशनावर कोण सोडणार? वैजीनाथ उठला. दैवशालानं भाकरी बांधून दिली, मातीचा घडा भरून गाडीत ठेवला. तो जाताना म्हणाला, येतोच. भादवा होता.

ती माणसं सुखरूप पोचली. त्यांनी नंतर सांगितलं की वैजीनाथ स्टेशनावरून हसत माघारी फिरला. पुढं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. बैल गाडी घेऊन आपले आपण घरी आले, घुंगरमाळा वाजवत, भर दुपारी. गाडीत त्याचा फेटा होता, उशीला घ्यावा तसा गुंडाळलेला. भाकरी नव्हती. आणि पाण्याचा घडा गळ्यापर्यंत भरलेला होता, तोंडावरचं फडकंसुद्धा जागचं हललेलं नव्हतं. कुणी म्हणालं रस्त्यात गाठला, कुणी म्हणालं नंतरच्या गोंधळात सापडला, कुणी म्हणालं हैदराबादेत बघितला. शोधायचं तेवढं शोधलं. प्रेत मिळालं नाही आणि माणूसही मिळाला नाही.

त्याची आई सारजाबाई त्या घड्यालाच धरून बसली. माझं लेकरू तहानेलं गेलं, एवढं एकच तिच्या तोंडी. त्या दिवसापासून ती दिवेलागणीला उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवायची. सकाळी तांब्यात पाणी कमी असायचं. धाकटा दीर भुजंग चिडायचा, मांजर पितं म्हणायचा, आणि पितही असेल. पण दैवशालानं उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला ओल बघितली होती, ओंजळीतून सांडावी तशी. ते बैलही पुढं नदीच्या उतारावर एका जागी येऊन उभे राहायचे. मारा, ओढा, हलायचे नाहीत. थोड्या वेळानं आपणच चालू लागायचे, कुणी गाडीत चढून बसल्यासारखे. भुजंगानं शेवटी ते विकून टाकले.

दैवशाला कपाळाला कुंकू लावायची, हातात हिरवा चुडा भरायची, आणि बायका तिच्याकडं बघून आपसात बोलायच्या. हळदीकुंकवाला बोलवावं का बोलवू नये, ह्याचा त्यांना घोर. ना सवाष्ण, ना विधवा. ते सोसेना म्हणून ती परभणीत मामाच्या आसऱ्याला आली. मामा कॉलेजच्या फाटकावर पहारेकरी होता. त्यानं सरांच्या कानावर घातलं आणि ती कामाला लागली.

म्हणजे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. सर एकदा बोलता बोलता म्हणाले, ही डबी अठ्ठेचाळीसची. त्याच साली मी मिठागरातून भरली. दैवशालानं विचारलं, कोणत्या महिन्यात? सर म्हणाले, सप्टेंबरात झाकण लावलं. तिनं मनात मोजलं. भादवा. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

सरांचं एक काम दरवर्षी असायचं. सप्टेंबर आला की ते त्या डबीतली चिमूटभर धूळ खाऱ्या पाण्यात सोडायचे आणि किती उठतात ते बघायचे. कोरडं पडलेला जीव किती वर्षं तग धरतो, हे त्यांना काढायचं होतं. ताज्या डब्या वेगळ्या होत्या, रोजच्या कामाला. अठ्ठेचाळीसच्या डबीला एरवी हात लावायचा नाही. तो पितृपंधरवडा असायचा. गावोगाव लोक आपापल्या मेलेल्यांना पाणी द्यायचे, आणि परभणीच्या पत्र्याच्या खोलीत सर त्या धुळीला पाणी द्यायचे. दैवशाला खिडकीशी उभी राहायची. कुणाला बोलली नाही, पण तिनं मनाशी गाठ मारून टाकली: ह्या डबीतला एक जरी उठला, तरी माझा माणूस कुठंतरी हाय. कोरडा पडला असंल. पाणी मिळालं न्हाई अजून त्याला.

पहिल्या वर्षी पेला शेंदूर कालवल्यासारखा झाला होता. पुढच्या वर्षी विरळ. मग आणखी विरळ. दैवशालाला रागच यायचा त्या धुळीचा. उठा की रे, असं ती पेल्याजवळ तोंड नेऊन पुटपुटायची. हैदराबाद राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, कॉलेजची पाटी पुन्हा रंगवली. डबीतली धूळ तळाला गेली आणि उठणारे कमी कमी होत गेले. एकोणसाठ साली बोटांवर मोजण्याइतके उठले, आणि तेही मरगळलेले. त्या दिवशी तिनं घरी जाऊन चूल पेटवली नाही.

साठ साल उजाडलं. महाराष्ट्र झाला, पेढे वाटले. आणि भादव्यात वैजीनाथला जाऊन बारा वर्षं पुरी होणार होती.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला तर त्याचा दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, दिवस घालतात. मग तो मेला असं धरायचं. सारजाबाई आता खाटेला खिळली होती. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: सर्वपित्रीला लेकाचं क्रियाकर्म व्हावं, त्याला एकदा रीतसर पाणी मिळावं, म्हणजे तो उंबऱ्याशी यायचा थांबेल. जोशी म्हणाला, बायकोची संमती पाहिजे. भुजंग परभणीला आला. दैवशालानं त्याला सांगितलं, यंदाची डबी बघू द्या. कुणी न्हाई उठलं तर मी हो म्हणते.

भुजंगाला आधी कळेचना. कळल्यावर तो जो भडकला! "वैनी, किड्यायला इचारून भावाचे दिवस घालायचे का आमी?"

तो रागानं तसाच गावाकडं गेला आणि आईला सगळं सांगितलं. म्हातारी मात्र रागावली नाही. ती म्हणाली, इचारू दे तिला. मी न्हाई का रोज तांब्याला इचारीत. भुजंगानंच हे नंतर दैवशालाला सांगितलं, खाली बघत.

सप्टेंबरात सरांनी डबी उघडली. तळाला शेवटची चिमूट उरली होती. त्यांनी डबी उलटी करून ठोकली, बोटानं पुसून घेतली. पाण्याला मीठ दैवशालानंच घातलं होतं. पेला खिडकीत ठेवला. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. सरांनी भिंगातून बघितलं, डोळे चोळून पुन्हा बघितलं. मग फळ्यावर, जिथं दर सालचा आकडा लिहिलेला होता, तिथं साठ सालापुढं शून्य काढलं. "संपली, दैवशालाबाई," ते म्हणाले. एक जरी उठला असता तरी बारा वर्षं म्हणता आलं असतं. त्यांना वडिलांच्या श्राद्धाला मानवतला जायचं होतं. रीत म्हणून आणखी एक दिवस पेला राहू द्या, मग ओतून धुऊन टाका, असं सांगून ते गेले.

दैवशालानं सोनपेठकडं जाणाऱ्या माणसाजवळ निरोप धाडला की तयारी करा. आणि खोटं कशाला बोला, तिला हलकं वाटलं. बारा वर्षं दोन्ही हातांनी धरलेलं ओझं खाली ठेवावं तसं. घरी जाऊन ती पोटभर जेवली. जेवून झाल्यावर तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिनं उष्ट्या हातानंच तोंडात मारून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पेला ओतायला गेली. ऊन खिडकीतून तिरपं येत होतं. तिनं पेला उचलला, आणि सवयीनं उजेडाकडं धरला.

एक होता.

एकच. काचेला चिकटून, उजेडाच्या अंगाला. शेंदरी ठिपका. तिला वाटलं धुळीचा कण आहे, डोळ्याचा दोष आहे. तिनं भिंग घेतलं. त्यानं झटका दिला. थांबला. खूप वेळ थांबला, इतका की ती मनात देवाचं नाव घेऊ लागली, मेला म्हणून का मरू नये म्हणून ते तिलाच कळेना. मग त्यानं परत झटका दिला.

फाटकावर भुजंग येऊन उभा होता. सर्वपित्री उद्यावर आली होती. आईनं अन्न सोडलंय, तो सांगत होता, नुसती वाट बघायलीय, चला. बारा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी मऊ आवाजात बोलत होता. दैवशाला खोलीत माघारी गेली. पेल्यातलं पाणी तिनं तांब्यात ओतलं, वर फडकं बांधलं आणि एसटीत मांडीवर तांब्या घेऊन बसली. भुजंगानं विचारलं, काय हाय त्यात? ती म्हणाली, पाणी. रस्ताभर ती एका हातानं तांब्याची हिंदकळ आवरत होती. वाटेत एकदा तिनं फडकं सोडलं आणि आत बघितलं. आत अंधार होता, काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेच्या काठी सगळं मांडलेलं होतं. दर्भाचा पुतळा, माणसाएवढा लांब, पळसाच्या पानांवर उताणा निजवलेला. डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या. नारळाला वैजीनाथचा तोच फेटा बांधला होता. सारजाबाईला बाजेवर घालून काठावर आणलं होतं. म्हातारीचं काही उरलं नव्हतं, नुसते डोळे. गळ्याची कातडी इतकी पातळ झालेली की आतली शीर उडताना दिसत होती. तिनं दैवशालाला खुणेनं जवळ बोलावलं.

"उठलं का गं कुणी?"

आता बघा. एक शब्द पुरेसा होता. व्हय म्हणाली असती तर जोशी उठला असता, पुतळा मोडला असता, आणि दैवशाला चुडा भरलेल्या हातानं परभणीला परत गेली असती. तांब्या तिच्या काखेत होता. त्यात तो होता, मेला नसेल तर. तिनं म्हातारीच्या गळ्याकडं बघितलं, त्या उडणाऱ्या शिरेकडं. रोज उंबऱ्यावर पाणी ठेवणारी ती बाई बारा वर्षं स्वतःच तहानेली होती.

"न्हाई, आत्याबाई," दैवशाला म्हणाली. "कुणी न्हाई उठलं."

म्हातारीनं डोळे मिटले. भुजंगानं अग्नी दिला. दर्भ तो, किती वेळ जळणार? नारळ तडकला तेव्हा बायका मागं सरल्या. मग त्यांनी दैवशालाला पाण्याशी नेलं, बांगड्या वाढवल्या, कुंकू पुसलं. ती रडली नाही म्हणून एकीला राग आला.

पाणी द्यायची वेळ आली. बायकोनं पाणी द्यायची रीत नव्हती, जोशी कुरकुरला. पण म्हातारी अडून बसली की त्यानं घरातून निघताना शेवटचं पाणी हिच्या हातचं पिलं होतं, हिनंच द्यावं. जोश्यानं दैवशालाच्या ओंजळीत काळे तीळ टाकले आणि नदीतलं पाणी घ्यायला सांगितलं. तिनं नदीतलं घेतलं नाही. तांब्याचं फडकं सोडलं आणि तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, थोडं थोडं, तळापर्यंत. कुणी हटकलं नाही. बाईचं डोकं ठिकाणावर नसणार, असंच सगळ्यांना वाटलं असेल.

ऊन स्वच्छ होतं. ओंजळीत काळे तीळ तरंगत होते, आणि त्यांच्या मधोमध एक शेंदरी ठिपका. तिळाला लागला, अडखळला, झटका देऊन बाजूला सरला. उजेडाकडं, तिच्या तोंडाकडं. जिवंत होता. दैवशालाला माहीत होतं की गोड्या पाण्यात ह्यांचा निभाव लागत नाही. सरांनीच सांगितलं होतं, आणि एकदा तिच्याच हातून चुकीचं पाणी पडून पेलाभर उताणे मेलेले तिनं बघितले होते. जोशी म्हणत होता, सोडा पाणी. मागून म्हातारीचा श्वास ऐकू येत होता.

तिनं ओंजळ उघडली. ओठांतल्या ओठांत ती "जा" म्हणाली, आणि पाणी बोटांतून गंगेत गेलं.

सारजाबाईनं त्या दिवशी पाणी मागून घेतलं, दोन घास पेज खाल्ली. त्या संध्याकाळी तिनं उंबऱ्यावर तांब्या ठेवायला सांगितलं नाही. आठवडाभरातच ती गेली, झोपेत, तोंडावर कसला म्हणून ताण नव्हता. गावानं दैवशालाचं नाव काढलं. सून असावी तर अशी, असं त्याच बायका म्हणाल्या.

परभणीला परतल्यावर ती सरांसमोर गेली. मोकळं कपाळ, मोकळे हात. सरांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. तीच म्हणाली, एक उठला होता, सर. तुमी गेल्यावर. सर ताडकन उठले. कुठाय, त्यांनी विचारलं. गंगेत दिला, ती म्हणाली.

सर खाली बसले. त्यांचं एवढ्या वर्षांचं काम त्या एका ठिपक्यात होतं, आणि डबी रिकामी होती. दुसरा कुणी असता तर त्यानं बाईला हाकलून दिली असती. सरांनी तिच्या हातांकडं बघितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "जिवंत होता? नक्की?"

"व्हय. जिवंत व्हता."

सर फळ्याशी गेले आणि साठ सालापुढचं शून्य तळहातानं पुसलं. त्या जागी दुसरं काही लिहिलं मात्र नाही. आपण न बघितलेलं ते लिहीत नसत. तो पुसलेला पांढरा डाग पुढं कितीतरी दिवस तसाच होता. दैवशाला रोज फळ्याखालची जमीन झाडायची, फळ्याला हात लावायची नाही.

ती पुढंही त्याच खोलीत काम करत राहिली. ताज्या डब्यांतले उताणे ती वाढवायची, त्यांची काळजं काचेतून धडधडायची, पोरं वाकवाकून बघायची. पण आता तिला घुंगरमाळा ऐकू यायच्या. कॉलेजच्या रस्त्यानं गाड्या जातात, त्यांच्याच असतील म्हणा. ती मात्र हातातलं काम टाकून फाटकापर्यंत जायची आणि गाडी पुढं निघून गेली की परत यायची.

बायनाबाई म्हणून तिची शेजारीण होती, तोंडाची फटकळ. एकदा ती उन्हातून आली, घसा सुकलेला. दैवशालाच्या उंबऱ्यावर पाण्याचा भरलेला तांब्या बघून तिनं सरळ तोंडाला लावला, आणि घोट तसाच फुर्रकन थुंकला. खारट जहर! मूठभर मीठ पडलं असेल त्यात. अगं, उंबऱ्यावर ठेवायचं पाणी, त्यात मीठ कशाला घालतीस, म्हणून ती खेकसली.

दैवशालानं तिच्या हातून तांब्या घेतला, आत किती उरलंय ते बघितलं आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"गोड्या पाण्यात मारला मी त्याला," ती म्हणाली. "आता आला तर हे तरी मिळंल."

मग ती मिठाचं मडकं आणायला आत गेली.